सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला

अंटार्क्टिकाला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: थंडी किती होती आणि पेंग्विन केवढे असतात. दोन्हींचं उत्तर मला धड देता येत नाही. दहा दिवस मी मुख्यतः माझ्या वडिलांकडे बघत होते. मध्येमध्ये त्यांच्या पाठीमागून हिमनग जात-येत होते, तेवढे पाहिले.

बाबा अकोल्याजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवत होते. वर्गातला जगाचा नकाशा इतका जुना, की त्याचा तळाचा भाग दांडीला गुंडाळूनच राहिलेला. उलगडायला गेलं की फाटायचा. त्यामुळे मुलांना सहा खंड दिसायचे आणि सातवा बाबांच्या शब्दावर भरवसा ठेवून पाठ करावा लागायचा. "न पाहिलेलं शिकवलं मी पोरांना," असं ते अजूनही म्हणतात. "एकडाव पाय ठेवून आलो म्हंजे निदान खोटं बोललो नाही असं होईन." आम्ही हसायचो.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सगळं बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षी एका सकाळी ते खाली फेरफटका मारायला गेले आणि परत येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरले. ब्लॉक सगळे सारखेच, मजला बरोबर, दार मात्र भलत्याचंच. दार उघडणाऱ्या बाईंना बघून ते इतके ओशाळले, की खाली येऊन समोर दिसेल त्या बसमध्ये बसले. संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, सापडले. पुढ्यात थंडगार झालेली कोपी, म्हणजे तिकडची कॉफी, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांकडे आल्यासारखा संकोच. चहाकॉफीच्या ठेल्यावरच्या बाईंनी त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला होता.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे. काही वर्षं चांगली जातील, किती ते सांगता येत नाही. मी घरी आले आणि त्याच आठवड्यात अंटार्क्टिकाच्या बोटीवर दोन जागा घेतल्या. नवऱ्याला रजा नव्हती. बोटीवर वायफाय धड चालत नाही हे कळल्यावर आमच्या यशूला, म्हणजे माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला, पेंग्विनांत रस उरला नाही.

बोटवाल्यांनी प्रकृतीचा फॉर्म पाठवला होता. घरातले सगळे फॉर्म मीच भरते. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम करते, त्यामुळे दुसऱ्याने भरलेला कागद मला बघवत नाही. अकराव्या प्रश्नात विचारलं होतं, विसरण्याचा किंवा गोंधळून जाण्याचा काही त्रास? खरं लिहिलं तर बोटीवर घेतील, पण किनाऱ्यावर उतरू देतील का? आणि उतरायचं नसेल तर जायचं कशाला? "मी भरू का माहा?" बाबांनी विचारलं. "राहू द्या, झालंच," म्हणत मी 'नाही'वर खूण केली. त्या खुणेने पुढे बोटीवर मला झोप दिली नाही.

उशुआया

बोट सुटते ते हे गाव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलं आहे. नोव्हेंबर संपत आला होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा, आणि बाबांनी कानटोपीवर मफलर गुंडाळला होता.

बोटीवर पहिलं काम झडतीचं. दुसऱ्या मुलखातलं एकही बी त्या बर्फावर पडू नये म्हणून प्रत्येकाचे कपडे, पिशव्या, बुटांचे तळवे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करतात, चिमट्याने शिवणी उसवल्यासारख्या तपासतात. आमच्या रांगेला इनेस होती. तिशीतली, उन्हाने नाक सोललेली, अर्जेंटिनाची, मोहिमेच्या चमूतली. बाबांच्या जुन्या लोकरी कोटाच्या खिशातून तिने चिमट्याने काहीतरी काढून उजेडात धरलं. सरकी! कापूस चिकटलेली, अकोल्याची, कोण जाणे किती वर्षांपूर्वीची.

"हे काय आहे?" तिने विचारलं. बाबा बघत राहिले. आता हे गोंधळतील, ती अजून काही विचारेल, डॉक्टरला बोलावतील.

"कॉटन," बाबा शांतपणे म्हणाले आणि मग इंग्रजीत तिला काळी माती, कपाशीची पऱ्हाटी आणि वेचणीचा हंगाम हे सगळं सांगितलं. मागची रांग ताटकळली. इनेसने सरकी एका पिशवीत घातली, नाव लिहून ठेवलं आणि म्हणाली, "परत जाताना न्या."

नंतर आम्हाला दारापाशी एक फळा दाखवला. त्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नंबरचा एक बिल्ला टांगलेला, एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने लाल. किनाऱ्यावर जाताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की निळा. फळ्यावर एकही लाल दिसला तर बोट हलणार नाही. माझा शहाऐंशी, बाबांचा सत्त्याऐंशी.

"हजेरीच होय ही," बाबा खूश होऊन म्हणाले. "आपला आपण फिरवा, दुसऱ्याचा कधीही नाही," इनेसने बजावलं. मी मान डोलावली.

ड्रेकची खाडी

दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अंटार्क्टिकापर्यंत दोन दिवस नुसतं पाणी. त्याला खाडी म्हणणं म्हणजे थट्टाच. टेबलावरच्या वाट्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला चालत जायच्या. पहिल्या दिवशी मी बाथरूमच्या फरशीवर बसून त्रिसरण म्हणत होते, तेही दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नव्हतं.

बाबांना काहीही झालं नाही. ते सकाळी दाढी करून जेवणघरात गेले. मी भिंतीला धरधरून मागे गेले, तर ते मी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बाटली उघडून बसलेले. शेजारी आमच्याच सिंगापूरचे मिस्टर लिम. हे गोदीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, एकटेच आलेले, बाबांच्याच वयाचे, तसेच खांद्यात वाकलेले. ते पावाला चटणी लावून खात होते.

"युअर फादर व्हेरी स्टेडी लाह," ते मला आमच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "यू द वन लुक लाइक घोस्ट."

"तू जाऊन नीज बरं," बाबा म्हणाले. "मी कुठी जाणार आहो? चहूकडून समुद्र आहे."

म्हणणं बरोबर होतं, पण मी पडले की डोळ्यांपुढे रेलिंग यायचं. मी केबिनच्या दारावर मोठ्या अक्षरात नंबर लिहून चिकटवला. बाबांच्या खिशात केबिनचा आणि बिल्ल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली. दर अर्ध्या तासाने उलटी आवरून त्यांना शोधायला निघायचे. ते कधी खिडकीशी असत, कधी भिंतीवरच्या नकाशासमोर. तो नकाशा उलटा होता, मध्यभागी अंटार्क्टिका आणि कडेला बाकीचं जग. बाबा त्याच्यासमोर खूप वेळ उभे राहायचे. "हे पाय, आपण काठावर आहो," असं त्यांनी मला दाखवलं. मला त्याचंही टेन्शन आलं, की हे विसरून बोलतायत की शिकवतायत.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला हिमनग दिसला. आमच्या दहा-बारा ब्लॉकएवढा असेल. पोटात निळा, इतका निळा की आतून कोणी दिवा लावलाय असं वाटावं. डेकवर सगळे गप्प झाले. पाण्यावर बर्फाचे तुकडे तडतडत होते. जुनी हवा बाहेर पडते म्हणे. मी बघितलं, खरंच बघितलं, आणि मग लगेच वळून बाबा कठड्यापासून किती लांब आहेत ते बघितलं.

बेटावर

पहिले दोन दिवस बेटांवर उतरणं होतं. खुद्द खंडाच्या भूमीवर, म्हणजे बाबांच्या सातव्यावर, तिसऱ्या दिवशी नेणार होते, तेही हवा असेल तर. बाबा रोज विचारायचे, "हे बेट की खंड?" "बेट," मी म्हणायची. "मंग आज सरावाची परीक्षा," ते म्हणायचे.

पेंग्विनांचा वास आधी येतो, पेंग्विन नंतर. माशांचा बाजार आठवडाभर न धुता ठेवला तर जसा येईल तसा. मग दिसतात: गुडघ्याएवढे, लगबगीत, बर्फात पाय तुडवून केलेल्या आपल्या पायवाटांवरून खाली-वर करणारे. अंड्यांवर बसलेल्यांची घरटी नुसत्या खड्यांची, आणि शेजारी झोपला की त्याचा खडा उचलून पळायचं, हा त्यांचा मुख्य उद्योग. बाबा खदखदून हसत होते. कितीतरी महिन्यांनी ते असे हसले.

नियम पुष्कळ होते. पेंग्विनांपासून पाच पावलं लांब. खायचं काही न्यायचं नाही. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायचं नाही, हात टेकायचा नाही. बाबांचे गुडघे बोलायला लागलेले बघून दुसऱ्या दिवशी इनेसने त्यांना घडीचं स्टूल आणून दिलं, एका काळ्या खडकाच्या आडोशाला ठेवलं. बाबा बसले. तिने मला खालच्या बाजूला हाक मारली, बर्फाच्या लादीवर सील आला होता.

"इथून हलू नका हं," मी बाबांना सांगितलं. "काही झालं तरी. मी येते."

"बरं," ते म्हणाले.

सील खरोखर बघण्यासारखा होता, सापासारख्या तोंडाचा, आळसावलेला. पाचच मिनिटं गेली असतील, तेवढ्यात भुरभुर बर्फ पडायला लागला. रेडिओवर परतीचा निरोप आला. मी खडकापाशी आले. तिथे स्टूलही नव्हतं आणि बाबाही नव्हते.

पाण्याकडे बघितलं तर एक रबरी बोट निघालेली. आम्हाला सगळ्यांना बोटीवरून एकसारखी नारिंगी जाकिटं दिली होती. त्या बोटीत मागच्या बाजूला वाकलेले खांदे, कानटोपी, गळ्याभोवती गुंडाळलेलं काहीतरी. बाबाच! न सांगता गेले. मला भयंकर राग आला. मी पुढच्या बोटीत चढले.

मोठ्या बोटीवर येऊन फळ्याकडे बघितलं. शहाऐंशी लाल, सत्त्याऐंशीही लाल. म्हणजे हे वर आले आणि बिल्ला फिरवायचंच विसरले. आता कोणीतरी विचारणार, कोण हे सत्त्याऐंशी, का नाही फिरवला, आणि मग एकातून एक निघत अकराव्या प्रश्नापर्यंत येणार. आजूबाजूला कोणी बघत नव्हतं. मी माझा बिल्ला निळा केला, आणि त्याच हाताने, एकाच झटक्यात, बाबांचाही. यशूच्या शाळेच्या डायरीवर तिच्या बाबाची सही मीच करते, तितक्या सहज.

केबिनमध्ये बाबा नव्हते. जेवणघरात नव्हते. नकाशासमोर नव्हते. लाउंजमध्ये खिडकीकडे तोंड करून एक नारिंगी पाठ बसली होती. "बाबा, सांगून तरी यायचं!" मी ओरडलेच. पाठ वळली. कानटोपी काढून मिस्टर लिम माझ्याकडे बघत होते.

मी स्वागतकक्षाकडे धावले. तिथल्या मुलीने फळा बघून गोड हसून सांगितलं, "सगळे बोटीवर आहेत, मॅडम. इथेच कुठेतरी असतील." खिडकीबाहेर बेट दिसेनासं झालं होतं. नुसता करडा पडदा.

"नाहीत," मी म्हणाले. "तो बिल्ला मी फिरवला. मी. ते तिकडेच आहेत."

तिचं हसू गेलं. तिने रेडिओ उचलला. उत्तर यायला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. त्या मिनिटात मी आईची क्षमा मागितली, नवऱ्याला काय सांगायचं ते ठरवलं आणि पुन्हा कधी कोणाचा फॉर्म भरणार नाही अशी शपथ घेतली. मग खरखरीतून इनेसचा आवाज आला. वाट दाखवायला रोवलेले झेंडे काढून झाल्यावर ती स्टूल उचलायला गेली होती, तर स्टुलावर बाबा बसलेले.

"ठीक आहेत," ती म्हणाली. "टोपीवर बर्फ आहे. विचारतायत, मुलगी आली का?"

बोटीवरच

मोहिमेची प्रमुख उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने आम्हा दोघांना समोर बसवलं, बोटीवरच्या डॉक्टरलाही बोलावलं. मी सगळं सांगून टाकलं: फॉर्म, अकरावा प्रश्न, हौगांग. रडू आवरत नव्हतं. बाबा शेजारी गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होते.

"झेंडे काढायच्या आधी आम्ही रेडिओवर विचारतो, फळ्यावर कोणी लाल आहे का," प्रमुख म्हणाली. "लाल बिल्ला दिसला असता तर पाच मिनिटांत त्यांच्याकडे पोचलो असतो. तुम्ही तो निळा केलात. इनेस स्टूल विसरली असती तर?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"उद्याचं मी सकाळी सांगते," असं म्हणून ती उठली.

केबिनमध्ये आल्यावर मी बाबांना म्हटलं, "पण तुम्ही हललात का तिथून? मी खडकापाशी आले होते."

"मी काऊन हलू?" बाबा म्हणाले. "तूच म्हणली, काही झालं तरी हलू नका. पेंग्विन पार बुटापाशी आला तरी मी हललो नाही. तू दुसऱ्याच गोट्यापाशी जाऊन आली असशीन. तिथं सगळे गोटे एकसारखेच आहेत वं."

मी पलंगावर बसले. ते खरं होतं. बर्फात मी खडक चुकले होते.

"आणि माहा बिल्ला तू फिरवला," ते पुढे म्हणाले. आता आवाज वर्गातला होता. "चौतीस वर्षांत मी एकाही पोराला दुसऱ्याची हजेरी बोलू देली नाही. नसला तर नसला. नाही आहे हे कळलं, तरच कोणी शोधायले जाते."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"विसरतोच मी. मले काय माहीत नाही माह्या डोक्याचं? डॉक्टरनं सांगतलं तवा मी तिथंच बसलो होतो. तू लपवून काऊन राहिली? कोणापासून?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो अजून गार होता.

सातवा

सकाळी प्रमुखाने नवा फॉर्म आणला आणि मुद्दाम बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावून, फळ्यावर लिहायचे त्या वळणदार अक्षरात, अकरावा प्रश्न भरला. ओळ मला शेजारून दिसत होती: मेमरी वीक, लेग्ज स्ट्राँग. डॉक्टर हसला. प्रमुख हसली नाही, पण म्हणाली, "इनेस त्यांच्यासोबत राहील. वीस मिनिटं. तुम्ही वेगळ्या बोटीतून या."

"वेगळ्या का?"

"तुम्ही त्यांच्यासोबत असलात की सगळे निर्णय तुम्हीच घेता."

फळ्यापाशी बाबांनी नंबर आठवायला वेळ लावला. त्यांचं बोट अठ्ठ्याहत्तरवर गेलं, थांबलं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते. इतकी घट्ट, की नखं रुतली. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली आणि सत्त्याऐंशी लाल केला.

मी दुसऱ्या बोटीत होते. हवा स्वच्छ होती, पाणी तेलासारखं स्थिर, समोर पांढरा उतार आकाशात गेलेला. पन्नास-साठ हातांवरून मी बाबांना उतरताना पाहिलं. इनेसने त्यांचं मनगट धरलं, त्यांनी तिचं. आधी एक बूट, मग दुसरा. हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून ते नुसतेच उभे राहिले. कानटोपी काढली. थोडा वेळ खाली बघितलं, मग दोनदा पाय आपटला, घर बांधताना जमीन पक्की आहे का बघतात तसा.

मी पोचले तेव्हा ते म्हणाले, "खरंच आहे वं!"

परत आल्यावर त्यांनी बिल्ला निळा केला आणि फळ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "हजर." इनेसला अर्थ कळला नाही, पण तिने टाळ्या वाजवल्या.

बुकित बातोक

येताना सरकी परत मिळाली. ती आता टीव्हीशेजारच्या वाटीत आहे.

आल्यावर आठवडाभरात बाबांनी दुधाच्या पावडरच्या डब्यांची चार झाकणं जमवली, यशूच्या रंगांनी एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने लाल रंगवली आणि दारामागच्या आकड्यांवर टांगली. प्रत्येकाचं एक. खाली जाताना लाल, आलं की निळं. आपलं आपण फिरवायचं. ते आता रोज फिरायला एकटे जातात. गळ्यात पत्ता असतो, परत यायची वेळ सहाची. हे मी कबूल केलं आहे, म्हणजे तोंडाने केलं आहे.

परवा मी क्वीन्सटाउनच्या ऑफिसातून साडेसहाला घरी आले. बाबांचं झाकण लाल. चपला नाहीत. त्यांचा फोन टेबलावर चार्जिंगला.

"यशू! आजोबा?"

"स्टिल डाउनस्टेअर्स," आतून आवाज आला. "मम्मी, रिलॅक्स लाह. गिव्ह हिम टेन मिनिट्स."

मी पर्स न ठेवता दारापाशीच उभी राहिले. लिफ्ट आली, शेजारी उतरले. पुन्हा आली, कोणीच नाही. पावणेसात झाले. माझा हात त्या झाकणाकडे गेला. निळं केलं की ते घरात असतील, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं होतं. मी हात मागे घेतला, जाळीचं दार सताड उघडलं आणि तिथेच स्टूल टाकून बसले.

तिसऱ्यांदा लिफ्ट वाजली. बाबा आले, हातात केळ्यांची पिशवी. उशीर का झाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चपला काढल्या, झाकण निळं केलं.

"हजर."

मग ते तिथेच थांबले. शेजारच्या झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू कवा आली?"

"झाली पंधरा-वीस मिनिटं."

"मंग तुहं अजून लाल काऊन आहे?"

मी उठले आणि माझं झाकण निळं केलं.